बुजवत उतरायचं

सकाळी शर्टाचं वरचं बटण लागेना. मुकादमाने हनुवटी वर करून चाचपलं. काज सापडलं, बटणही सापडलं, पण दोघांची भेट घालून द्यायची तर अंगठ्याला आणि तर्जनीला आधी एकमेकांजवळ यावं लागतं, आणि त्या दोघांचं आज बोलणंच नव्हतं. बोटांच्या मुळाशी सूज चढली होती. मूठ वळली की जे चार उंचवटे दिसायचे त्यांच्यामधल्या जागा भरून गेल्या होत्या, आणि वरची कातडी ताणून चकचकीत झाली होती. 'आज' म्हणणं ही खरं तर त्याची लबाडी होती. कित्येक महिने सकाळ अशीच उजाडत होती. तो न्हाणीघरात गरम पाण्याच्या बादलीत मनगटापर्यंत हात बुडवून बसायचा, बाहेरून बायको विचारायची, "आंघोळ झाली, की पोहत पलीकडच्या काठाला लागलात?" आणि तो 'आलो आलो' म्हणत आणखी बसून राहायचा. मग दुपारकडे बोटं सैलावत आणि सकाळचं दुखणं खोटं वाटू लागे. आज पाणी निवलं तरी बोटं वळली नव्हती. बटण तसंच उघडं ठेवून तो बाहेर आला. दाराशी मुलगी चपला घालून उभी होती. तिने त्याच्या गळ्याकडे पाहिलं, पुढे होऊन बटण लावलं आणि कॉलर सारखी केली. लहानपणी तो तिच्या स्वेटरचं वरचं बटण असंच लावायचा. ती गुदमरते म्हणून ओरडायची, आणि तरीही तो लावायचाच.

वाटेत ती पुढे चालत होती आणि तो नेहमीप्रमाणे तिचा श्वास ऐकत होता. ही त्याची जुनी खोड. ती सहा वर्षांची असताना तिच्या एका फुप्फुसात न्यूमोनिया भरला होता. छाती वाजायची, श्वास आत जाताना एक बारीक शीळ यायची, आणि ती बरी झाल्यावर घरात सगळे लाडाने तिला शिट्टी म्हणू लागले. नाव राहिलं. नावाबरोबर आणखीही बरंच काही राहिलं. तिच्या खोलीची वाऱ्याकडची खिडकी तेव्हा बंद केली, ती अजून बंद होती. धुळीत जायचं नाही, उंचावर वारा लागतो तर चढायचं नाही, ओल्या केसांनी बाहेर पडायचं नाही. आता ती चोवीस वर्षांची होती, बांधकामातली पदविका घेऊन बापाच्याच धंद्यात आली होती, आणि बापाने तिला कोठारात बसवलं होतं. बांबू मोजायचे, दोरखंडाची वेटोळी तपासायची, फळ्यांना तडे गेलेत का बघायचं. परांची बांधणाऱ्याची मुलगी, आणि परांचीवर तिचा पाय कधी पडला नव्हता. ती हसून म्हणायची, "मासेवाल्याकडे मांजर पाळलंय बाबांनी, फक्त त्याला मासा दाखवायचा नाही."

काम वाचनालयाच्या इमारतीचं होतं. दगडी, तीन मजली, रस्त्याच्या वळणावर. भिंतीची डागडुजी कधीच संपली होती, गिलावा वाळून पांढरा पडला होता, रंगारीसुद्धा पैसे घेऊन दुसऱ्या कामावर गेले होते. परांची मात्र उभी होती. बांबूंचं जाळं भिंतीला लपेटून, आडवे वासे भिंतीतल्या भोकांत खोचलेले, वर हिरवं कापड. ग्रंथपालबाई रोज दारात गाठायच्या. "मुकादम, लोक बाहेरूनच परत जातात हो. त्यांना वाटतं वाचनालय बंद आहे. आमची इमारत बरी झाली ना? मग तिची पट्टी सोडा की आता." तो म्हणायचा, गिलावा अजून कच्चा आहे, एकदा वारा खाऊ दे. मग म्हणायचा, वरच्या कंगोऱ्याचा भरवसा नाही. कारणं त्याला कमी पडत नव्हती, आणि त्यातलं प्रत्येक थोडं थोडं खरंही होतं. पण तो स्वतः रात्री अंथरुणावर पडला की त्या कारणांच्या खाली हात घालून बघायचा, आणि तिथे फक्त भीती असायची. उतरवताना सगळ्यात वर स्वतः मुकादमाने असायचं, हा त्यांच्या धंद्यातला नियम. आणि त्याच्या बोटांना गाठ सुटत नव्हती.

त्याच्या वडिलांनी त्याला हे काम शिकवलं तेव्हा आधी उतरवणं शिकवलं होतं. बांधायला कोणीही हौसेने येतं, ते म्हणायचे, वर चढायचं असतं, लोक खालून बघतात. उतरवताना कोणी बघत नाही. पण ज्यांनी बांधली त्यांनीच ती उतरवायची, कारण कुठली गाठ कुठल्या भाराने बसलीय ते त्यांच्याच हातांना माहीत असतं. आणि बुजवत उतरायचं. वासा भिंतीतून काढला की त्याचं भोक तिथल्या तिथे चुन्याने भरायचं, थापी फिरवायची, मग खालच्या फळीवर पाय. एकदा खाली आलं की त्या भोकापर्यंत पुन्हा हात पोचत नाही. वडील हे सांगताना फार गंभीर होत, त्यांच्या नाकावर चुना असला तरी. पोराला हसू यायचं, आणि मग धपाटा मिळायचा.

त्या दिवशी दुपारी ग्रंथपालबाईंना काहीतरी करून दाखवावं म्हणून तो वर चढला. नुसतं वरचं कापड काढू, एवढंच ठरवून. त्याचा जुना जोडीदार, ज्याला सगळे शिडी म्हणत कारण तो तसाच लांब आणि काटकुळा होता, दुसऱ्या टोकाला होता. मुकादमाने गाठीत खिळा घातला. हा त्यांचा खिळा म्हणजे वीतभर लोखंडी, टोकदार, घट्ट बसलेल्या गाठीत घालून ती उकलायची. त्याने पीळ दिला आणि खिळा हातात नव्हताच. निसटल्याचं बोटांना कळलंही नाही. हे नंतर त्याला सगळ्यात जास्त खुपलं, की बोटांनी निरोपसुद्धा दिला नाही. खालून लोखंड फरशीवर आपटल्याचा आवाज आला आणि त्यामागे शांतता. तो फळीवर ओणवा झाला. खाली मुलगी उभी होती, हातात पाण्याची बाटली, आणि तिच्यापासून दोन पावलांवर खिळा. ती पाणी द्यायला कोठारातून आली होती. तिने वाकून खिळा उचलला, निरखला आणि वर पाहिलं. "उतरा बाबा," ती म्हणाली. "हळू उतरा. घाई नाही." एवढंच. आवाजात राग नव्हता. तो एकेक फळी धरत उतरला.

डॉक्टरीणबाई वयाने मुलीपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी त्याची बोटं एकेक करून दाबली, मनगटं दाबली, सकाळी किती वेळ आखडतात ते विचारलं. सिगारेट ओढता का, हेही विचारलं. त्याने मुलीकडे पाहिलं. मुलगी भिंतीवरचं हाडांचं चित्र फार मन लावून बघू लागली. "ओढतो," तो म्हणाला, "कधीतरी." "कधीतरी म्हणजे चहाच्या पाठोपाठ, आणि चहा दिवसभर," मुलगी हाडांना म्हणाली. रक्त तपासून झालं, हातांचे एक्सरे झाले, आणि पुढच्या खेपेला बाईंनी सांगितलं की हा सांध्यांचा वात आहे, साधी झीज नव्हे. मुकादमाने विचारलं, सूज कशाने उतरेल.

"सूज म्हणजे शत्रू नाही हो," त्या म्हणाल्या. "काटा रुतला की बोट लाल होतं, गरम होतं, सुजतं. म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची मदत आलीय. आधी येतात ते दांडगे, दिसेल त्याला झोडपतात, आणि बरेचसे तिथेच मरतात. मग मागून येतात ते खाणारे. त्यातले काही स्वतःही भांडायलाच आलेले असतात, पण मेलेल्यांना गिळता गिळता ते बदलतात. राडा आवरायला लागतात, आणि तिथूनच निरोप धाडतात की पुरे, आता आणखी कोणाला पाठवू नका. पूर्वी आम्हालाही वाटायचं की जंतू गेले की सूज आपली आपण ओसरते. तसं नसतं. थांबवणं हेसुद्धा एक काम आहे, आणि अंग ते मुद्दाम करतं."

"आणि माझ्या अंगाने केलं नाही."

"राहून गेलंय. आलेले परत गेले नाहीत. शत्रू कोणी दिसत नाही, तरी झोडपतायत, तुमच्याच सांध्यांना. का, ते नेमकं सांगता येत नाही. सिगारेट हे एक कारण असू शकतं, घराण्यातलं असू शकतं. आणि हे हातापुरतं राहत नाही. वर्षानुवर्षं असं आत धुमसत राहिलं की हृदयाच्या नळ्यांनाही त्रास होतो. खूपशा जुनाट दुखण्यांत थोडंफार हेच असतं, न मिटलेलं काहीतरी. गोळ्या देते. लगेच गुण येणार नाही, बरेच आठवडे लागतील. तोवर उंचावर चढायचं नाही."

तो मान हलवत राहिला. डोळ्यांपुढे वाचनालय होतं, काम संपलेली भिंत आणि तिला मिठी मारून उभी असलेली परांची. मग मुलीने मध्येच विचारलं, "लहानपणी मला न्यूमोनिया झाला होता. ते पण असंच होतं?" बाई म्हणाल्या, "अगदी असंच. फुप्फुसाचा तो भाग या मदतीने गच्च भरतो, हाताला लागला तर यकृतासारखा घट्ट लागेल. आणि मग तेच सगळं आवरलं जातं. बहुतेक वेळा मागे व्रणसुद्धा राहत नाही. अंगाला हे जमतं तेव्हा फार सुंदर जमतं." मुलीने बापाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

लेकीच्या छातीचा तेव्हाचा एक्सरे त्याला लख्ख आठवत होता. दवाखान्याच्या बोळात एक लाकडी बाक होतं, त्याची एक फळी दबायची, बसलं की कुरकुरायची. आतमध्ये लेक निळसर ओठांनी पडलेली. पहिल्या एक्सरेत एका बाजूला पांढरा ढग होता. त्या दिवसांत तो झोपला नाही, बायको झोपली तर तिच्यावर चिडला. लेकीचा श्वास मोजत बसायचा आणि आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मग ताप उतरला. काही आठवड्यांनी दुसरा एक्सरे काढला. म्हाताऱ्या डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, छाती साफ आहे, जणू काही झालंच नव्हतं. बायको तिथेच रडली, मोकळी झाली, आणि घरी जाताना तिने मुलीला बर्फाचा गोळा घेऊन दिला. तो गोळ्याकडे बघत राहिला होता. साफ म्हणजे काय, त्याच्या मनात आलं, एवढा ढग गेला कुठे. जे इतक्या मुकाट्याने आलं ते मुकाट्याने परत येऊ शकतं. त्या दिवशी त्याच्या आत जे धावून आलं होतं ते तिथेच उभं राहिलं. पहारा. त्याला तो प्रेम म्हणायचा, आणि ते प्रेम होतंच, त्यात खोट नव्हती.

घरी मुलीने ताटावरच विषय काढला. "वाचनालयाची परांची मी उतरवते. शिडीकाका आहेत वर बरोबर. मला सगळ्या गाठी येतात."

"कुठून येतात?"

"कोठारात दिवसभर काय करते मी? खांबांना दोर बांधते आणि सोडते. तुमच्याच गाठी आहेत. शिडीकाकांनी शिकवल्या. दोन वेळा तुम्ही गावाला गेलात तेव्हा वरही चढले होते."

त्याचा घास हातातच राहिला. शिडीने. त्याच्या पाठीमागे. "वर वारा असतो," तो म्हणाला. "चुन्याची धूळ असते. तुझी छाती..."

"माझ्या छातीला काय झालंय?"

बायकोने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला, दोन्ही हातांनी धरता येईल असा रुंद तोंडाचा. हा पेला घरात कधी आला हे त्याने विचारलं नव्हतं. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं, बादलीचंसुद्धा. "अहो," ती म्हणाली, "ती बरी झाली त्याला जमाना झाला. तुम्हालाच कोणी सांगितलं नाही वाटतं." ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. "मी पण सांगितलं नाही. म्हटलं, दमेल माणूस आपोआप. तुम्ही दमलाच नाहीत." तो रागावला. दोघींवर, शिडीवर, त्या पेल्यावर. चढायचं नाही म्हणजे नाही, असं म्हणून तो उठला, आणि हात धुताना त्याला नळ बंद करता आला नाही. नळ तसाच थेंबथेंब गळत राहिला. मागून मुलगी आली आणि तिने तो बंद केला.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंनी त्याला आत बोलावलं. वाचायच्या खोलीतलं एक कपाट त्यांनी शिपायाकडून बाजूला ओढून घेतलं होतं. मागच्या भिंतीवर ओल होती. एक मोठा डाग नव्हे, छोटे छोटे, ओळीने, सारख्या अंतरावर, जणू कोणी भिंतीला ओल्या बोटांनी टेकून उभं होतं. मुकादमाला मोजायची गरज नव्हती. बाहेर त्या प्रत्येक डागाच्या जागी त्याचा एक वासा भिंतीत खोचलेला होता, आणि इतके महिने वाश्यावरून ओघळणारं पाणी वाश्याच्या अंगानेच आत शिरत होतं. "भिंतीत दोष आहे का हो?" बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, काळजी होती. "ही पुस्तकं हलवावी लागतील." त्याने एक पुस्तक उचललं. पानं फुगून एकमेकांना चिकटली होती. सुजली होती, असंच त्याच्या मनात आलं. "भिंत चांगली आहे," तो म्हणाला. मग त्याला जे म्हणायचं नव्हतं तेही म्हणाला. "माझ्यामुळे झालं. फार दिवस ठेवली." तिथून बाहेर येऊन तो पायरीवर बसला. त्याला खिडकी आठवली, मुलीच्या खोलीतली. ती उघडत नसल्यामुळे त्या कोपऱ्यात बुरशी धरायची आणि बायको दरवर्षी तिथे चुना लावायची. कोणी कधी एक शब्द बोललं नव्हतं. त्याच्या काळजीची इतकी वर्षं लोक अशी गुपचूप डागडुजी करत आले होते, आणि त्याला वाटायचं, आपण सगळ्यांना सांभाळतोय. त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त त्या दोघींची माया वाटली. सिगारेटसाठी हात खिशात गेला. पाकीट होतं, काडी ओढता येईना. तो एकटाच हसला.

गोळ्या सुरू होऊन काही आठवडे गेले, सकाळची बादली थोडी लवकर आटपू लागली, आणि एका कोरड्या, निवांत सकाळी परांची उतरवायला घेतली. वर मुलगी आणि शिडी, मुकादमाच्याच सांगण्यावरून. मुकादम खाली, दोर धरायला. वरचा माणूस बांबू सोडवून कप्पीवरून खाली सोडतो, तेव्हा बांबूला एक जादा दोर बांधलेला असतो. खालच्याने तो धरून बांबू भिंतीपासून लांब ठेवायचा, टेकला की सोडवून घ्यायचा आणि दोर मोकळा करायचा, मग वरचा तो परत ओढून घेतो. नवख्याला देतात ते काम. मुकादमाने ते तीस वर्षांत केलं नव्हतं. ग्रंथपालबाई खिडकीत उभ्या राहून बघत होत्या, म्हणजे उतरवताना कोणी बघत नाही हे वडिलांचं म्हणणं आज खोटं ठरत होतं.

मुलीने पट्टा कमरेला अडकवला होता, केस बांधले होते, तोंडावर फडकं होतं. ते तिने स्वतःहून घेतलं होतं. ती पहिल्या गाठीशी वाकली तेव्हा त्याची बोटं खाली आपोआप हलली, तीच गाठ सोडवत. भार डावीकडे, खिळा खालून. तिने खिळा खालून घातला. गाठ सुटली. वासा निघाला, भिंतीत काळं भोक उघडलं, आणि तिने थापीने चुना भरून वर हात फिरवला. मग दुसरा. मग ती खालच्या फळीवर उतरायला वळली आणि त्याला कोपऱ्यात, कंगोऱ्याखाली, एक भोक उघडं दिसलं. ती विसरली होती. ओरडायला त्याने तोंड उघडलं. तिचा पाय खालच्या फळीकडे निघाला होता. नाव ओठांवर आलं, शिट्टी, आणि त्याने ते गिळलं. का गिळलं ते त्याला सांगता आलं नसतं. तिचा पाय हवेतच थांबला. तिने मान वळवली, वरच्या रांगेवरून नजर फिरवली, पाय परत घेतला आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन ते भोक बुजवलं. शिडी तिच्याकडे न बघता आपलं काम करत होता, आणि मुकादमाच्या ध्यानात आलं की शिडीलाही ते भोक दिसलं होतं.

एक बांबू खाली आला, टेकला. त्याने तो सोडवून भिंतीला लावला. वरून दोराला हिसका बसला. पुन्हा बसला.

"बाबा, दोर सोडा."

"सोडलाय," तो म्हणाला.

"नाही सोडलेला. बघा."

त्याने पाहिलं. जी मूठ बटणाला, गाठीला, नळाला महिनोन् महिने मिटत नव्हती, ती दोरावर गच्च मिटली होती. सांधे पांढरे पडले होते आणि त्याला काही कळलं नव्हतं. सोड, असं त्याने मनात म्हटलं, पण नुसतं म्हणून ती उघडेना. मग दुसऱ्या हाताने त्याने करंगळी उचलली. दुखलं. तिच्या शेजारचं बोट उचललं. एकेक करून, बांधली त्याच हातांनी उतरवावी तशी, त्याने आपली मूठ उकलली. वर कोणी घाई केली नाही. शेवटी अंगठा सुटला, आणि दोर तळव्यावरून सरसरत गेला, भिंतीच्या कडेने, ओल्या चुन्याच्या ताज्या ठिपक्यांवरून, वर.

तिने तो ओढून घेतला आणि पुढच्या बांबूला बांधायला वळली. खाली बघितलंसुद्धा नाही. मुकादमाला ते बरं वाटलं.